उजेड मोजायचा चेहरा

सोमवारी सकाळी सव्वादहाला एक बाई दुकानात आल्या आणि त्यांनी आपला डावा कान परत मागितला. आवाज चढवून नव्हे; धोब्याकडे राहिलेली उशीची खोळ मागावी इतक्या शांतपणे. काउंटरवर त्यांनी आपलेच चार फोटो ओळीने मांडले आणि शेजारी ओळखपत्राच्या कचेरीची चिठ्ठी ठेवली. अर्जदाराचे दोन्ही कान दिसणे आवश्यक आहे, सबब अर्ज परत, असं चिठ्ठीत होतं. फोटोवाल्याने एक फोटो उचलून उजेडात धरला. बाईंचा उजवा कान जागच्या जागी होता, मोत्यासकट. डावीकडे मात्र गाल पांढरा होत होत मागच्या पांढऱ्या पडद्यात विरघळला होता आणि जाताना कानालाही बरोबर घेऊन गेला होता. त्याने बाईंकडे पाहिलं. प्रत्यक्षात दोन्ही होते. हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता, कारण त्यांना ते माहीत होतं. पंधरा दिवसांत परत आलेला हा अकरावा कान. पहिले दहा ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून ठेवले होते. कचेरीत कोणी नवीन साहेब आला असेल आणि त्याचं कानांशी काही जुनं वैर असेल, अशी फोटोवाल्याने स्वतःची समजूत घातली होती. माणसाची समजूत घालणं अवघड असतं, पण स्वतःची घालायची असेल तर ती फार सहकार्य करते.

नवा फोटो फुकट काढून देतो म्हणून त्याने बाईंना आतल्या खोलीत नेलं. खोली म्हणजे तीन भिंती, एक पडदा, गोल फिरणारं स्टूल आणि दोन दिवे, एक बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, एक उजव्या. पंखा होता, पण फोटो काढताना तो बंद ठेवायचा, कारण केस उडतात. त्यामुळे स्टुलावर बसलेला कोणताही इसम दोन मिनिटांत घामाने चमकायला लागायचा आणि गुन्हेगारासारखा दिसायचा. बाईंना त्याने भिंतीलगतच्या खुर्चीवर बसवलं आणि रिवाजाप्रमाणे आधी स्वतः स्टुलावर जाऊन बसला. हा रिवाज बाबांचा. बाबांनी हे दुकान उघडलं तेव्हापासून, रोज सकाळी पहिला फोटो स्वतःचा. उजेड मोजायची यंत्रं मिळत होती, पण बाबांचा यंत्रांवर विश्वास नव्हता. यंत्राला नाक नसतं, ते म्हणायचे, त्याला सावलीतलं काय कळणार. आपला चेहरा आपल्याला पाठ असतो. तो जसा पाहिजे तसा आला की दिवे बरोबर, मग गिऱ्हाइकाला बसवायचं. बाबा गेले, चेहरा बदलला, रिवाज तोच राहिला. तीन वर्षांपूर्वी नवा कॅमेरा घेतल्यापासून तर फोटोवाला हे रोजचे फोटो पुसायचाही नाही. काटकसर म्हणून नव्हे, प्रेमाने तर नव्हेच. पुसायला उठावं लागतं.

कॅमेऱ्याने दहापर्यंत मोजून स्वतःच खटका ओढला. फोटोवाल्याने उठून कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि त्याला नेहमीचा वैताग आला. पुन्हा डावी बाजू मेलेली. उजवा गाल कसा छान तुकतुकीत, कपाळावर उजेडाचा एक जिवंत ठिपका. आणि डावा गाल मातीच्या भांड्यासारखा कोरडा, डावा डोळा बारीक, त्यात जान नाही. डावा दिवा दिवसेंदिवस मंद होत चालला होता. त्याने बल्ब बदलून पाहिला होता, तारा बदलून पाहिल्या होत्या. शेवटी रोज थोडा थोडा करत तो दिवा त्याने जवळ ओढला होता. पहिल्यांदा वीतभर, मग हातभर. आता तो गिऱ्हाइकाच्या कानात काही सांगायला आल्यासारखा उभा असायचा. आज आणखी चार बोटं ओढावा म्हणून त्याने स्टँडला हात घातला, तेवढ्यात खुर्चीतल्या बाईंनी विचारलं की हा डोळा कधीपासून असा आहे.

तो म्हणाला, "डोळ्याचं काही नाही हो, दिवा मंद झालाय."

बाई उठल्या, त्याच्यासमोर आल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे अशा पाहू लागल्या, जसा तो इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहायचा, म्हणजे आत कोणी राहत असेल याची दखल न घेता. मग त्यांनी सांगितलं की पस्तीस वर्षं त्या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, निवृत्त झाल्या असल्या तरी सवय निवृत्त झालेली नाही, बातम्या देणाऱ्यांचे डोळे त्या घरी बसून तपासतात आणि घरचे त्यांच्यावर चिडतात. तेव्हा त्याची हरकत नसेल तर त्याने दोन्ही दिवे बंद करावेत. फोटोवाल्याने दिवे बंद केले. आपल्याच दुकानात, सकाळी साडेदहाला, एका परक्या वयस्कर बाईंबरोबर काळोखात उभं राहण्याचा प्रसंग त्याच्यावर आजवर आला नव्हता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते मागे बांधले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. बाईंनी मोबाइलचा उजेड हनुवटीच्या खालून, तिरका, अगदी जेमतेम धरला. त्यांच्या श्वासाला बडीशेपेचा वास होता. मग बोटांच्या उलट्या बाजूने त्यांनी त्याचं कपाळ चाचपलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे. उजवीकडे बोट घसरलं. डावीकडे अडकलं.

"तुमच्या डाव्या बाहुलीला अंधार झालेला कळतच नाहीये," बाई म्हणाल्या.

दिवे लावल्यावर त्यांनी विचारलेले प्रश्न इतके असंबद्ध होते, की फोटोवाल्याला क्षणभर वाटलं बाईंचंच काही तरी बिघडलंय. डावा खांदा दुखतो का. दुखत होता, कॅमेऱ्याचं तिकाटणं उचलून उचलून दुखायचाच, मलम चालू होतं. करंगळीला मुंग्या येतात का. येत होत्या, पण करंगळीला कोण विचारतो. सिगारेट? दहा वर्षांपूर्वी सोडली होती. आधी किती वर्षं? त्याने आकडा सांगितला आणि आपणच तो पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं त्याला वाटलं. बाईंनी मान हलवली आणि मग एखाद्या वायरमनने सांगावं तसं समजावून सांगितलं. पापणी वर धरणारी, बाहुली मोठी करणारी आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम आणणारी एक बारीक नस असते. ती मेंदूतून सरळ डोळ्यात येत नाही. खाली छातीपर्यंत उतरते, फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळसा घेते, मग मानेतून वर चढून डोळ्याकडे जाते. डोळ्यात खराबी दिसते, पण बऱ्याचदा डोळा बिचारा निर्दोष असतो. वाटेत कुठे तरी तिच्यावर काही तरी बसलेलं असतं. खांदा दुखतोय म्हणजे फुप्फुसाच्या शेंड्यावर बसलेलं असू शकतं. काय बसलेलं असू शकतं, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. गाठ, आणि ती कॅन्सरची असू शकते. दुसरंही काही असू शकतं, पण आधी हे पाहायचं.

फोटोवाल्याला यातलं सगळ्यात आधी पटलं ते वायरिंग. कारण याच खोलीच्या डाव्या दिव्याचं बटण बाबांनी का कोण जाणे मागच्या अंधाऱ्या खोलीत, सिंकच्या वर बसवलेलं होतं, आणि दिवा लुकलुकायला लागला की नवीन वायरमन तासभर दिवाच उघडून बसायचा. आपलंही शरीर बाबांनीच बसवलेलं आहे हे त्याच्या ध्यानात आलं. बाई म्हणाल्या, आज छातीचा फोटो काढून घ्या, आजच. त्याच्या धंद्याचा अपमान झाल्यासारखं त्याला उगाच वाटलं. इतकी वर्षं माणसांचे गळ्यापासून वरचे फोटो काढत आलो आणि भानगड गळ्याखाली. मग बाईंनी स्टुलावर बसून आपला कान काढून घेतला. डावा दिवा त्याने मागे ढकलला, पार भिंतीपर्यंत, सुमारे दोन महिन्यांपूर्वी जिथे होता तिथे. अर्थात तो आकडा तेव्हा त्याला माहीत नव्हता. फोटो सुरेख आला. दोन कान, दोन मोती. बाई जाताना एका कागदावर छातीच्या डॉक्टरांचं नाव लिहून देऊन गेल्या आणि म्हणाल्या, बाकीच्या दहा जणांनाही बोलावून घ्या, लोकांची कामं अडली असतील.

दुपारी तो एक्स-रेच्या खोलीत उघड्या अंगाने थंडगार पाटीला छाती लावून उभा राहिला. काचेमागच्या मुलीने श्वास घ्या, रोखा, हलू नका असं सांगितलं, आणि हे वाक्य आपण आयुष्यात किती हजार वेळा दुसऱ्यांना म्हटलंय याचा हिशेब तो श्वास रोखून करू लागला. छान म्हणत होती ती. शेवटच्या शब्दावर जोर नव्हता. त्याचा असायचा, म्हणून लोक हलायचे. मग बाकावर बसून वाट पाहताना त्याला बाबा आठवले. आठवायचे नव्हते, पण बाबांच्या आजारपणातला बाकही असाच होता. बाबा काचेवरच्या उलट्या फोटोंवर, म्हणजे निगेटिव्हवर, टोकदार पेन्सिलीने काम करायचे. देवी आलेल्या माणसाचे व्रण बुजवायचे, नवऱ्या मुलीच्या डोळ्यांखालचं काळं पुसायचे, तिरळ्या डोळ्याला सरळ रस्ता दाखवायचे. चेहरा गिऱ्हाइकाचा, पण फोटो आपला, असं म्हणायचे. शेवटच्या वर्षी बाबांना खोकला झाला तेव्हा त्यांनी मुलाकडून स्वतःचा एक चांगला फोटो काढून घेतला, आणि मुलाने बापाचीच विद्या बापावर चालवली. गाल भरले. डोळ्यांखालची जांभळी खोबण काढून टाकली. ओठांना रंग दिला. तीन आठवड्यांनी तोच फोटो हार घालून ठेवला तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, काय ठणठणीत माणूस, आजारी वाटतच नव्हता. त्यात फोटोवाल्याला थोडा अभिमानही वाटला होता. आता बाकावर बसून त्याला लाज वाटली ती त्या अभिमानाची. हात इतके सवयीचे झालेत की रोग दिसला तर ते आधी तो पुसतात. स्वतःचा दिसला तर दिवा पुढे ओढतात. किती महिने ओढत होते? दिवा नेमका कधी सरकायला लागला हे त्याला आठवेना. गेल्या वर्षी? त्याआधी? माणूस वर्षभर स्वतःच्या थोबाडासमोर रोज बसतो आणि त्याला वाटतं बल्ब गेला.

एक्स-रेत डाव्या बाजूला, अगदी वर, गळपट्टीच्या हाडामागे, धुक्यात ठेवल्यासारखं काही तरी होतं. फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम होता, एवढं मात्र त्याने त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, असं आजवर कोणीच म्हटलं नाही.

बायकोला सांगायचं कसं याची त्याने घरी येईपर्यंत चार वाक्यं तयार केली आणि चारही दाराबाहेर विसरला. बायको कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसाला सहाशे शर्ट तिच्या टेबलावरून जायचे. दोन बाह्यांमध्ये दोन मिलिमीटरचा फरक असला तरी तिच्या बोटांना तो कळायचा आणि शर्ट लाल टोपलीत जायचा. घरातही ती तशीच होती. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं असेल तर तिला जेवण जायचं नाही. त्याने सगळं उलट्या क्रमाने सांगितलं, आधी एक्स-रे, मग खांदा, मग डॉक्टरीणबाई, मग कान. ती चप्पलही न काढता ऐकत राहिली. मग तिने त्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला.

"हे होय," ती म्हणाली. "मला वाटलं, तू मला डोळा मारतोस."

त्याने विचारलं कधीपासून. ती म्हणाली, बरेच दिवस. सकाळी चहा देताना, टीव्ही बघताना, एकदा तर तिच्या मामेसासऱ्यांसमोरसुद्धा. लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर माणसाला अचानक हे सुचतंय, तर सुचू दे, आपण कशाला बोलून दाखवायचं, उगाच बंद करायचा. सहाशे शर्टांमधला फरक शोधणाऱ्या बाईने घरातला फरक पाहिला होता आणि खुशीने पास केला होता. हे सांगताना ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचं काय झालं ते तिचं तिलाच समजलं नाही, म्हणून ती चप्पल काढायला वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. फोटोवाला उभा होता. त्याला भीती वाटत होती, ती होतीच. पण तिच्या शेजारी आणखी एक गोष्ट येऊन बसली होती आणि ती काही केल्या उठेना. आपल्या नकळत आपण इतके दिवस बायकोला खूश ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. सुईने तुकडा काढून पाहिला, तो कॅन्सरच निघाला. छातीचे डॉक्टर ठेंगणे आणि मृदू आवाजाचे होते आणि त्यांना फळांची भाषा येत होती. गाठ द्राक्षाएवढी आहे, ते म्हणाले. बिनबियांच्या का, असं फोटोवाल्याच्या तोंडावर आलं होतं, पण बायकोने पायावर पाय दिला. डॉक्टरांना एकच गोष्ट नक्की हवी होती. पापणी कधी उतरली? खांद्याचं दुखणं लोकांना सांगता येत नाही, ते मलमात बुडालेलं असतं. डोळ्याची तारीख कळली तर गाठ किती वेगाने चाललीय याचा अंदाज येतो, बाकी तपासण्यांशी तो जोडून पाहता येतो. नीट आठवून सांगा. फोटोवाल्याला आठवत नव्हतं. पण आठवायची गरज नव्हती, हे त्याला आणि बायकोला एकदमच कळलं, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये त्याचे तीन वर्षांचे, रोजचे, एकाच स्टुलावरचे, न पुसलेले चेहरे पडलेले होते.

ती फाइल त्याने दोन दिवस उघडली नाही. दुकानात जायचा, दहा जणांपैकी कोणाचा ना कोणाचा कान काढून द्यायचा, आणि त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायचा. त्यात जर एक वर्ष निघालं तर? दोन निघाली तर? म्हणजे दोन वर्षं तो स्वतःला रोज सकाळी ओरडून सांगत होता आणि स्वतःच उठून दिवा सरकवत होता. मरायला हरकत नाही असं नव्हे, हरकत होतीच, भरपूर होती. पण मूर्खपणाने मरायला जास्त हरकत होती. बाबांच्या फोटोतली ती भरलेली गालफडं त्याला दिसायची. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, बायको आपली कारखान्यातली पारदर्शक पट्टी घेऊन दुकानात आली, शटर अर्धं ओढलं आणि दोन खुर्च्या कॉम्प्युटरपुढे ठेवल्या. मागून पुढे नको, ती म्हणाली, आजपासून मागे जाऊ.

आधी कालचा. तिने पट्टी पडद्याला लावली, दोन्ही पापण्यांमधला फरक मोजला आणि वहीत लिहिला. मग परवाचा. मग तेरवाचा. ती आकडा म्हणायची, तो पुढचा फोटो उघडायचा. कामाला एक लय आली. दुसऱ्या आठवड्यापर्यंत आकडा हलेना, आणि फोटोवाल्याच्या तळव्यांना घाम सुटला, दोन्ही तळव्यांना. तिसऱ्या आठवड्यात पापणी केसभर उचलली गेली. पाचव्यात आणखी. कपाळाच्या डाव्या बाजूला उजेडाचा ठिपका आधी अंधूक दिसला, मग परत आला, जणू कोणी तरी दुरून कंदील घेऊन येत होतं. सातव्या आठवड्यात बायको पट्टी दोनदोनदा लावून पाहायला लागली. आठव्यात तिने ती पुसून घेतली. नवव्या आठवड्याच्या मंगळवारी तिने पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. दोन्ही बाजू सारख्या होत्या. त्या दिवसाचा फोटोवाला पडद्यावरून बघत होता, दोन उघड्या डोळ्यांचा, किंचित कंटाळलेला, कॉलर एका बाजूने मुडपलेली. बुधवारी त्याच माणसाची डावी पापणी अर्धा मिलिमीटर खाली होती. त्या बुधवारी काय झालं होतं, ते त्याने खूप आठवून पाहिलं. काही म्हणजे काही झालं नव्हतं. बहुधा पाण्याची मोटर बिघडली होती.

"नऊ आठवडे," बायको म्हणाली. "आणि पहिला कान परत आला पाच आठवड्यांनी. तुझं गिऱ्हाईक तुझ्यापेक्षा हुशार आहे."

काम संपलं होतं. पण तिने पट्टी पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, थांबू नकोस, जा आणखी मागे. तो जात राहिला. काही शोधायचं नसताना पाहायला ते फार बरं वाटत होतं. केस वाढत गेले, पोट आत गेलं, मधेच सर्दीचा एक आठवडा आला आणि गेला, एक मिशीही येऊन गेली. ती मिशी दोघांनीही एका शब्दाने न बोलता पार केली. तीन वर्षांच्या टोकाला, नव्या कॅमेऱ्याच्या पहिल्या सकाळी, तो इतका ताजा आणि बावळट दिसत होता की बायको म्हणाली, याच्याशी मी पुन्हा लग्न करणार नाही, हा फार खूश आहे.

छातीच्या डॉक्टरांनी वहीतली आकड्यांची रांग दोनदा वाचली. डोळ्याने वेळेवर चुगली केली, ते म्हणाले. लोक खांद्याला शेक देत वर्ष काढतात आणि मग येतात. गाठ कुठे पसरलेली नाही. आधी औषधं आणि किरणं, मग शस्त्रक्रिया. खात्री कोणी देत नाही, तेही देणार नव्हते, पण त्यांनी वहीची झेरॉक्स मागून घेतली, आणि बायको तेवढ्यावर आठवडाभर तरंगत होती. त्यानंतरच्या सहा महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही; ते ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे. केस गेले, चव गेली, फुप्फुसाचा शेंडा गेला. डॉक्टरीणबाई दर पंधरवड्याला येऊन डोळा पाहून जायच्या, ज्याची काहीच गरज नव्हती. दवाखान्याच्या कार्डासाठी फोटो लागला तेव्हा फोटोवाल्याने स्वतःचा काढला, पडद्यावर मोठा केला, आणि त्याचा हात आपोआप डाव्या पापणीकडे गेला. एका टिचकीचं काम होतं. हात तिथे थोडा वेळ राहिला. मग त्याने तो मांडीवर ठेवला, दुसऱ्याच्या मुलाला ठेवावं तसा, आणि फोटो होता तसाच छापला. खिडकीवरच्या माणसाने चेहऱ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि जुळतंय म्हणून शिक्का मारला.

आता तपासणी दर तीन महिन्यांनी. दोन झाल्या, दोन्ही साफ. डोळा मात्र तसाच राहिला. ती नस परत जुळणारी नव्हती. डाव्या कपाळाला घाम येत नाही, याचा त्याला उन्हाळ्यात थोडासा, म्हणजे निम्मा, फायदा होतो. उजेड मोजायला मात्र त्याचा चेहरा आता बाद झाला होता. शेजारच्या केशकर्तनालयातून त्याने टोप ठेवायचं प्लास्टिकचं डोकं आणून पाहिलं, पण त्याला कान नव्हते, आणि कानांच्या बाबतीत फोटोवाला आता कोणावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. शेवटी बायको म्हणाली, कारखान्यात जाता जाता मी बसते. मी काय दिवा आहे का, असंही म्हणाली, पण बसल्यावर.

त्यामुळे रोज सकाळी साडेआठला ती स्टुलावर बसते, पर्स मांडीवर, पाठ ताठ, कारखान्याची बस चुकेल म्हणून घड्याळाकडे नजर. तो कॅमेऱ्यामागे. डोळ्यांबाबत दोघांमध्ये एक करार झालाय: डावा धरायचा नाही, तो कायमचाच आहे, उजवा मिटला तर तो खरा. अडचण इतकीच की उजवा मिटला की डावा अर्धा आधीच खाली असतो, आणि डोळा मारणारा माणूस उभ्या उभ्या झोप लागल्यासारखा दिसतो. तो म्हणतो, श्वास घे, रोख, हलू नकोस, शेवटच्या शब्दावर जोर न देता. आता जमतं त्याला. आणि खटका दाबायच्या नेमक्या क्षणी तो कॅमेऱ्याच्या बाजूने डोकं काढून उजवा डोळा मिटतो. ती हलते. फोटो हलतो. ओळखपत्राला तो कुठेही चालणार नाही. पण दोन्ही गाल सारखे चमकत असतात, दोन्ही कान जागेवर असतात, आणि दिवे बरोबर आहेत एवढं त्यातून कळतं. ती बसला पळते. तो फोटो पुसत नाही.